पेटाऱ्याखालचा चरा

माझ्या थोरल्या भावाने मला फसवले. पैशात नाही. पैशाच्या व्यवहारात मला फसवील असा माणूस लालबाग-परळमध्ये अजून दुकान उघडून बसलेला नाही, आणि दादाला तर भाजीवालीशी घासाघीस करतानाही घाम फुटतो. त्याने मला गणपतीत फसवले. आमच्या घरचा गणपती एक वर्ष त्याच्याकडे आणि एक वर्ष माझ्याकडे बसायचा, असे ठरले होते. ठरले तेव्हा आत्या समोर बसली होती. मी माझ्या वाटणीचे काम चोख केले. दादाने स्वतःच्या फरशीवर स्वतःच्या हाताने चरा पाडला, तो माझ्या माथी मारला आणि त्या चऱ्याच्या जोरावर गणपती कायमचा स्वतःच्या घरी ठेवून घेतला.

हे लिहून काढतो आहे, कारण नातेवाइकांत आता वेगळीच गोष्ट फिरते आहे. त्या गोष्टीत मी तापट, हेकट आणि भावाच्या नव्या घरावर जळणारा माणूस आहे. तापट मी आहेच. बाकीचे खोटे आहे.

आमच्याकडे गणपती पाटावर बसत नाही, चौरंगावर बसत नाही. तो पेटाऱ्यावर बसतो. गावच्या घराचे वाटे झाले तेव्हा वडिलांनी घर, परडे, कलमे सगळे चुलत्यांना सोडून दिले आणि दोनच गोष्टी मागून घेतल्या: गणपती, आणि गणपती ज्याच्यावर बसायचा तो शिसवी पेटारा. ट्रकमधून तो परळच्या चाळीत आला. कमरेइतका उंच, झाकणावर वेलबुट्टी, आणि रिकामा असला तरी तीन दांडग्या माणसांचा दम काढणारा. चाळीत मोरीचे पाणी खोलीभर यायचे. लाकूड कुजू नये म्हणून वडिलांनी गिरणीतल्या ओळखीच्या फिटरकडून त्याच्या चारही पायांना लोखंडी टोप्या ठोकून घेतल्या. पाय वाचले, पण टोप्यांच्या कडा वर्षानुवर्षे झिजून पत्र्यासारख्या धारदार झाल्या. त्या टोप्या लक्षात ठेवा.

वडिलांचा नियम एकच होता. जिथे पेटारा, तिथे गणपती.

चाळ पाडायची ठरली तेव्हा खोली दादाच्या नावावर होती, कारण तो थोरला, आणि मी तोपर्यंत चिंचपोकळीला एका चाळीत स्वतःच्या हिमतीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. मला कोणी काही दिलेले नाही. चाळींच्या जिन्यांवरून दुसऱ्यांची कपाटे पाठीवर वाहून मी सुरुवात केली आणि आज जुन्या फर्निचरचा धंदा करतो. चाळी रिकाम्या होतात, नव्या घरात जुने पलंग मावत नाहीत, लोक मला बोलावतात. आजीचा पलंग विकताना माणसे डोळ्यांना पदर लावतात आणि त्याच वेळी भाव वाढवून सांगतात. मी पदर बघत नाही, पलंगाचे सांधे बघतो. कोणाला हे कठोर वाटेल. पण मी ठरलेला शब्द फिरवत नाही, आणि दुसऱ्याने फिरवला तर रस्त्यात उभा करून विचारतो.

टॉवर बांधून होईपर्यंत दादा लांब कुठेतरी भाड्याच्या घरात राहिला. तिथे पेटारा दारातून आत जाईना. मग पेटारा माझ्याकडे आला आणि पाठोपाठ गणपतीही आला. टॉवर रखडला तसा गणपती माझ्याकडे राहिला. माझ्या खोलीची फरशी जुन्या नक्षीची आहे, लाल-काळ्या फुलांची, आता कारखान्यात कोणी घालत नाही अशी. त्या फरशीवर पेटारा आला, राहिला, गणपतीच्या आधी दरवर्षी भिंतीकडून मधे सरकला आणि नंतर परत भिंतीला गेला. एका फुलाची पाकळी खरवडली असेल तर दाखवा. बायकोने सगळे केले. मोदक, गौरीपुढे सुपांचा ओवसा, रात्रीची भजने, आलेल्या-गेलेल्याचा चहा. चाळीचा सगळा मजला गॅलरीत उभा राहून आरती म्हणायचा. ती बाई माहेरच्या गणपतीला गेली नाही, कारण घरी गणपती होता.

मग टॉवर झाला. वास्तुशांतीला जेवणाच्या पंगतीत दादा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला की या वर्षी गणपती घरी आणतो. बायको वाढत होती. तिने आमटीचे भांडे खाली ठेवले आणि विचारले, "म्हणजे आतापर्यंत तो कुठे होता, भाऊजी?" दादाने पापड मोडला.

वहिनीची अडचण निराळी होती. तिला गणपती हवा होता, पेटारा नको होता. हॉलमध्ये तिने पांढराशुभ्र संगमरवर घालून घेतला होता, बाहेरच्या देशातला, आणि त्यावर बसून ती जणू नवी साडी नेसल्यासारखी पाय आवरून घ्यायची. "ते लोखंडी पाय माझ्या फरशीवर नकोत," असे तिने स्पष्ट सांगितले. तिने काचेचे टेबल बघून ठेवले होते. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण आणि आमच्यातले आता शेवटचे मोठे माणूस, नायगावहून मुद्दाम आली होती. तिने एका वाक्यात टेबल निकालात काढले. पेटाऱ्याशिवाय गणपती बसायचा नाही.

आता दादाला पेटारा हवा आणि वहिनीला नको. अशा जागी सौदा होतो, हे मला कळते. मी म्हणालो, "वहिनी, पेटारा मी आणून ठेवतो. तुमच्या फरशीवर एक रेघ उठली, तर मी पुन्हा गणपतीचं नाव काढणार नाही. नाही उठली, तर एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. पेटाऱ्यासकट."

दादाने वहिनीकडे पाहिले, वहिनीने फरशीकडे. दादा म्हणाला, "चालेल."

आत्या म्हणाली, "झाला तर मगे. आता भांडण नको."

अट माझीच होती आणि ती आजही मला चुकीची वाटत नाही. जड वस्तू फरशीला धक्का न लावता हलवणे हे माझे रोजचे काम आहे. ज्या कामात मी हरत नाही त्याच कामावर मी गणपती लावला होता.

पेटारा न्यायच्या दिवशी मी माझी दोन जुनी माणसे घेतली आणि तिसरा मी. आतली पितळेची भांडी आधीच काढून वेगळी पाठवली. टॉवरच्या सामानाच्या लिफ्टजवळचा साहेब म्हणाला की जुने फर्निचर वर न्यायचे तर चिठ्ठी लागते. मी त्याला विचारले, जुने म्हणजे किती जुने, तुमच्या बिल्डिंगपेक्षा की तुमच्यापेक्षा? त्याने लिफ्ट उघडली. लिफ्टमध्ये मी माझे प्लायवूड अंथरले, दुसऱ्याच्या पत्र्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दारात पोचल्यावर मी पेटारा बाहेरच ठेवला आणि आधी हॉल झाडायला घेतला. वहिनीला अपमान वाटला. सकाळीच पुसले आहे, ती म्हणाली. मी तिला समजावले, त्या दिवशी तरी शांतपणे, की लाकूड फरशी खरवडत नाही, कापडही खरवडत नाही, मधे सापडलेला वाळूचा कण खरवडतो. नव्या बिल्डिंगमध्ये वाळू भिंतीतूनही गळत असते. मऊ केरसुणी, मग ओले फडके, मग कोरडे. नंतर मी वहिनीला तिच्याच घरात चपला काढायला लावल्या. ते ती अजून विसरलेली नाही.

चारही टोप्यांना जाड चिंध्या बांधल्या. पेटारा खांद्याला अडकवलेल्या पट्ट्यांवर उचलून उंबऱ्याच्या आत घेतला आणि चौघडी केलेल्या लोकरी कांबळ्यावर बसवला. मग कांबळे ओढायचे, पेटारा नाही. एकजण पुढे, एकजण मागे, आणि मी बाजूला वाकून नजर फरशीवर. ओले गोणपाट खडबडीत फरशीला चालते, गुळगुळीत संगमरवराला कोरडी लोकर लागते. भिंतीच्या कडेकडेने, दारापासून खिडकीच्या बाजूला, पेटारा असा गेला की खालच्या मजल्यावर कोणी झोपले असते तर कूसही बदलली नसती. जागेवर आल्यावर एकेक पाय उचलून, चिंधी सोडून, खाली दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचा चौकोन सरकवला. मला ते चिकटवायचे होते. वहिनी म्हणाली, डिंकाचा डाग पडेल. म्हणून सुटे ठेवले.

मग वहिनी खाली बसली. मोबाइलची बॅटरी लावून, सोनार अंगठी बघतो तशी तिने सगळी वाट बघितली, तळहात फिरवून बघितली. भर दुपार होती आणि त्या काचेच्या खिडक्यांतून ऊन नुसते ओतत होते. आत्या खुर्चीत बसून पाहत होती. वहिनी उठली आणि म्हणाली, "नाही काही." मी मोबाइलवर फरशीचा फोटो काढला. निघताना दादाला एकच गोष्ट सांगितली, आता हा हलवू नकोस. हलवायचाच झाला तर मला बोलाव, मी हाकेच्या अंतरावर आहे. दादा हसला आणि म्हणाला, मी काय कुक्कुलं बाळ आहे काय.

गणपती आला तो आमचा नव्हताच म्हणा ना. वडिलांच्या वेळेपासून मूर्ती वीतभर, ओंजळीत मावेल एवढी. वहिनीने हॉल मोठा म्हणून मूर्ती मोठी सांगितली होती, आणि तिच्याभोवती तयार मखर, कमानी, खांब, दिव्यांच्या माळा. मखर इतके अंगाबरोबर की गणपती त्यात बसवला नव्हता, कोंबला होता. फुले वाहायची तर कमानीखालून हात घालून, कोपर मोडून. चालायचेच. त्यांचे वर्ष होते.

दुसऱ्या दिवशी आरतीला गेलो तर माझी नजर आपोआप खाली गेली. नमदे नव्हते. चारही लोखंडी टोप्या उघड्या संगमरवरावर. दादाला विचारले. तो म्हणाला, मूर्ती डुलत होती, म्हणून काढले. कोणी उचलला एवढा पेटारा? त्याने आणि वहिनीच्या भावाने, फळी घालून. मी म्हणालो, आत्ता माझ्यासमोर परत घाला. लोक जमले होते, तबक फिरत होते. वहिनीचा भाऊ, जो एरवी घरातली खुर्चीही नोकराकरवी हलवतो, मला म्हणाला, "शेठ, तुम्ही कपाटं विका, गणपतीचं आम्ही बघतो." दोघे-तिघे हसले. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटे उमटली. गणपतीसमोर मी गप्प बसलो. आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसलो आहे आणि प्रत्येक वेळी महागात पडले आहे.

गौरींबरोबर विसर्जन. त्या दिवशी दादा मला म्हणाला, तू खाली जा, टेम्पो गेटाशी लावून घे, वॉचमन तुझंच ऐकतो. माझी स्तुती दादाने केली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. खाली वॉचमन टेम्पो आत घेऊ देईना, पार्किंग राखीव होते, त्याच्याशी माझे वाजले. आणि वर उत्तरपूजा सुरू झाली.

ज्यांच्याकडे गणपती नसतो त्यांच्यासाठी सांगतो. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागच्या जागी जराशी हलवायची असते. हलली की देव निघाला, मग ती उचलायची. आमच्याकडे वडील एका हाताने हलवायचे, नंतर मी. वीतभर मूर्तीला किती जोर लागतो?

बायको तेव्हा स्वयंपाकघरात देवाच्या शिदोरीचे दहीपोहे बांधत होती. भिंतीपलीकडे काय झाले ते तिने ऐकले, आणि तिचे ऐकणे मी माझ्या पाहण्याइतके मानतो. भटजी म्हणाले, मूर्ती किंचित हलवा. दादाचा हात कमानीतून आत गेला असणार आणि कोपराशी अडकला असणार. दिव्यांच्या माळा खुळखुळल्या. भटजींना पुढच्या घरी जायचे होते, ते पुन्हा म्हणाले, हलवा हो. मग वहिनीच्या भावाचा आवाज आला, "खालूनच हलवू या ना. सगळंच हलेल."

आणि पेटारा ओढला.

बायको सांगते, पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज झाला आणि तो संपायच्या आत हॉलमध्ये सगळे एकदम 'मोरया' ओरडले. ओरडायची ती वेळ नव्हती. भटजींनी अजून अक्षता टाकायच्या होत्या. ती शिदोरी घेऊन बाहेर आली तेव्हा वहिनी पेटाऱ्याच्या पायाशी वाकून, नैवेद्याचे केळीचे पान नीट सरकवून ठेवत होती. नैवेद्य केव्हाच उचलला होता. रिकामे पान जमिनीवर नीट कशाला ठेवायचे?

लिफ्टने खाली येताना बायकोबरोबर आत्या होती. आत्या तिच्या कानाशी म्हणाली, "केवढो आवाज झालो गो. माझ्या दातात कळ इली."

बायकोने मला त्या दिवशी काही सांगितले नाही. विसर्जनाला जाताना मी चौपाटीवर तमाशा करीन, असे तिला वाटले. बरोबर वाटले.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, "भाऊजी, जरा येऊन जा." आवाज थंड होता. गेलो तर मखर काढलेले, पेटारा चादरीवर घेऊन बाजूला केलेला आणि त्याच्या जागी, पांढऱ्या फरशीवर, करडा चरा. वहिनी हाताची घडी घालून उभी. "हे बघा तुमचं काम," ती म्हणाली.

मी खाली बसलो. बोटाने चाचपला. माझा धंदा आहे, चरा मला वाचता येतो. लांबी चार बोटे. भिंतीकडच्या टोकाला खोल, तिथे लोखंड पहिल्यांदा रुतले. मग हॉलच्या मध्याकडे पातळ होत गेलेला आणि शेवटी जरासा वाकडा, जसा दोघांनी ओढताना एकाचा जोर जास्त लागला की पाय वळतो तसा. दुसऱ्या पायाखालीही तसाच, पण पुसट. मी पेटारा आणला होता दारापासून खिडकीकडे, भिंतीला समांतर. हे चरे भिंतीपासून सरळ बाहेर आले होते. माझ्या वाटेला ते काटकोनात होते. पेटारा आणताना असा चरा पडायचा तर मला पेटारा भिंतीतून आणावा लागला असता.

हे मी सगळे दादाला सांगितले. तो सोफ्यावर बसून रिमोटची पाठ उघडत होता, मिटत होता.

"दादा, पेटारा कोणी हलवला?"

"कोणी नाही."

"उत्तरपूजेला?"

"मूर्ती हलवली."

"तुझा हात पोचला मूर्तीपर्यंत?"

त्याने रिमोटमधले सेल काढले आणि पुन्हा घातले. मग वहिनी बोलली. म्हणाली, तुम्ही आणलात तेव्हाच पडला असेल, पायाखाली होता म्हणून दिसला नाही. मी म्हणालो, तुम्ही स्वतः बॅटरी लावून बघितलंत. त्या दिवशी उजेड नव्हता, वहिनी म्हणाली. भर दुपारी, त्या खिडक्यांसमोर. मी मोबाइल काढून फोटो दाखवला. दादाने तो हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि परत दिला. "यात पायाखालचं कुठे दिसतं?" म्हणाला. ते खरे होते. पायाखालचे दिसत नव्हते. दादा आयुष्यात एकदाच नीट बोलला आणि तो नेमका तेव्हा.

माझा आवाज चढला. चढणारच. समोरच्या फ्लॅटचे दार बोटभर उघडले आणि मिटले. चाळीत असे झाले असते तर मजल्यावरची सगळी माणसे आत आली असती, कोणीतरी चरा बघितला असता, कोणीतरी दादाला विचारले असते, कोणीतरी मलाही दोन शब्द सुनावले असते आणि चहाच्या आत निकाल लागला असता. टॉवरमध्ये माणसाला हवे तेवढे खोटे बोलता येते. दारे चांगली बसतात.

घरी आलो तेव्हा बायकोने आवाजाचे, मोरयाचे, केळीच्या पानाचे आणि आत्याचे सगळे सांगितले. मी तिच्यावरही ओरडलो, आधी का सांगितले नाहीस म्हणून. मग आम्ही आत्याकडे गेलो. ठरले तेव्हा ती साक्षीला होती, मोडले तेव्हाही होती. तिच्याशिवाय निकाल कोण देणार? दादा आणि वहिनीही आले. नायगावच्या त्या खोलीत आत्याने आम्हाला दोन कॉटवर समोरासमोर बसवले, स्वतः खाली चटईवर बसली. मी माझे सांगितले, दादाने त्याचे. मग मी आत्याला म्हणालो, तू तिथेच होतीस, खुर्चीत, पेटाऱ्यापासून हातभर. तू सांग.

आत्याने पदराने चष्मा पुसला. "माका कमी ऐकाक येता, रे बाबा," ती म्हणाली.

बायको म्हणाली, "आत्या, लिफ्टमध्ये तुम्हीच म्हणालात, दातांत कळ आली म्हणून."

"माझे दात असेच दुखतत गो. वय झाला."

मला सगळे कळले. आत्याचे गुडघे गेले आहेत. इस्पितळ दादाच्या टॉवरच्या मागे आहे, तपासणीच्या दिवसांत ती त्यांच्याकडेच राहते, लिफ्टने जाते, लिफ्टने येते. माझ्याकडे लाकडी जिना आहे. मला कळते. कळते म्हणजे मी माफ केले असे नाही.

निकाल मग दादानेच सुनावला, जणू तो माझ्यावर उपकार करतो आहे अशा मऊ आवाजात. म्हणाला, झालं ते झालं, मी तुझ्याकडे भरपाई मागत नाही. पण हा पेटारा आता हलवायचा नाही. एकदा हलवला तर फरशीची ही दशा, दरवर्षी न्यायचा-आणायचा तर काय राहील? तो तिथेच राहू दे. आणि बाबांचा नियम तुला माहीतच आहे. जिथे पेटारा, तिथे गणपती.

माझ्या धंद्यात मी बरेच लबाड बघितले. उधईने खाल्लेल्या लाकडात मेण भरून पॉलिश मारणारे बघितले. पण एखाद्याने स्वतः चरा पाडावा, त्याचा आळ दुसऱ्यावर टाकावा आणि मग त्याच चऱ्याला दाखवून त्या दुसऱ्याच्या घरचा देव ठेवून घ्यावा, वर बापाचा नियम तोंडावर फेकावा, हे मी माझ्या सख्ख्या भावाकडून पहिल्यांदा बघितले. कॉटवरून उठताना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

माझ्या खोलीत, पेटारा जिथे असायचा, तिथली फरशी बाकीपेक्षा उजळ आहे. इतकी वर्षे तिच्यावर ना ऊन पडले ना कोणाचा पाय. लाल फुले तिथे अजून लाल आहेत. माझ्याकडे विकायला आलेले एक सुरेख कपाट त्या कोपऱ्यात सहज बसले असते. मी एकदा आणलेही. बायको दारात उभी राहिली आणि म्हणाली, इथे काही ठेवायचं नाही. मी ते आल्या पावली परत पाठवले. तिच्याशी मी घासाघीस करत नाही. ती तो कोपरा रोज पुसते. गणपतीच्या दिवसांत गॅलरीतली माणसे विचारतात, यंदा पण परळलाच का? ती हो म्हणते आणि आत जाते.

या वर्षी गणपती माझ्याकडे यायचा होता. तो पुन्हा दादाकडेच बसला. मी गेलो. न गेलो तर मी गप्प बसलो असे समजतील, तो आनंद मी कोणाला देणार नाही. उत्तरपूजेला दादा म्हणाला, खाली जाऊन टेम्पोचं बघतोस का. मी म्हणालो, नाही. पेटाऱ्यापासून हातभर अंतरावर, गेल्या खेपेला आत्या बसली होती त्याच खुर्चीच्या शेजारी उभा राहिलो.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आले. मखर नव्हते. मागे नुसता साधा पडदा, समोरून सगळे मोकळे. आणि मूर्ती वीतभर. वडिलांच्या वेळेसारखी, ओंजळीत मावेल एवढी. हॉल तेवढाच मोठा होता, वहिनीची हौस तेवढीच होती, पण मूर्ती लहान झाली होती. भटजी म्हणाले, हलवा. दादाने हात पुढे केला, दोन बोटांनी मूर्ती हलवली आणि सवयीने एकदा खाली, पेटाऱ्याच्या पायांकडे बघितले. मग माझ्याकडे. मग दुसरीकडे. आत्या पदराशी चाळा करत होती. वहिनीचा भाऊ या वेळी कपाटांबद्दल काही बोलला नाही.

दादा, मला फरशी नको, भरपाई नको, तुझा टॉवर तर फुकट दिलास तरी नको. मला एवढेच सांग. गेल्या वर्षी हात मूर्तीपर्यंत पोचला होता, तर या वर्षी मखर का काढलेस? मूर्ती लहान का केलीस? आणि आत्या, तू सांग. तुझे कान त्या दिवशी लिफ्टमध्ये बरे होते की नाही? फोनवर नको, नायगावच्या बंद खोलीत नको. त्याच हॉलमध्ये, त्याच पेटाऱ्यासमोर, जे त्या दिवशी 'मोरया' ओरडले त्या सगळ्यांच्या देखत तुम्ही दोघांनी उत्तर द्यायचे आहे. पेटारा कोणी हलवला?